लग्नातली 'आपली' दारू : सातपुड्याच्या मांडवातून अबकारीचा इतिहास

गेल्या वर्षी आखाजीच्या आधी मी नंदुरबार शहरात तीन मंगल कार्यालयं आणि एक लॉन बघितलं. लग्न माझं नव्हतं. फील्डवर्कच्या काळात ज्या कुटुंबाकडे मी राहायचे, त्यांच्या मुलाचं होतं. मूळ गाव धडगाव तालुक्यात, मुलगा नोकरीला नंदुरबारला. गावात गाडी थेट जात नाही, नोकरीतले पाहुणे येणार, म्हणून लग्न शहरात करायचं ठरलं. मुलाच्या वडिलांचे प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न होते. भाडं किती? आणि आपली आणलेली चालेल का?

पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, "ती भानगड आत नको." दुसऱ्या ठिकाणी, "बाहेर गाडीत काय करायचं ते करा, आम्ही बघितलं नाही." तिसऱ्या ठिकाणचा मॅनेजर जरा कायद्याचा माणूस निघाला. म्हणाला, "परवाना काढा, वाइन शॉपचं बिल दाखवा, मग बघू." लॉनवाल्याने भाडं सगळ्यात कमी सांगितलं, पण जेवण त्यांच्याकडूनच घ्यायची अट टाकली. म्हणजे हिशेब परत तिथेच.

दुपारी आम्ही बसस्टँडजवळ चहा घेत बसलो. मुलाचे आजोबाही बरोबर होते. इतका वेळ ते काही बोलले नव्हते. ते पावरीत काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. नातवाने मला मराठीत सांगितलं : "आजोबा म्हणतात, आमच्या वेळी मांडवाला भाडं नव्हतं, आणि 'आपली चालेल का' असं विचारायचं कुणाला? दारू आपलीच होती."

मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि खाली रेघ मारली. वडील 'आपली' म्हणत होते ती दुकानातून विकत आणून पिशवीतून हॉलमध्ये न्यायची बाटली. आजोबा 'आपली' म्हणत होते ती घरामागच्या झाडाच्या फुलांची, घरच्या चुलीवर काढलेली. शब्द एकच, अर्थ दोन. हा अर्थ कधी आणि कुणी बदलला? माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या प्रश्नातून उभं राहिलं. संशोधनाचा प्रश्न कसा शोधायचा, असं बरेच जण विचारतात, म्हणून आज त्या प्रकरणाची गोष्ट सांगते. प्रश्न दरवेळी ग्रंथालयातच सापडतो असं नाही. कधीकधी तो मंगल कार्यालयाच्या काउंटरवर सापडतो.

झाड, ऋतू आणि लग्न

आधी झाडाबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढचे कायदे कळत नाहीत. मोह, किंवा आपल्याकडे खानदेशात म्हणतात तसं महू. फाल्गुन-चैत्रात त्याची फुलं गळायला लागतात. पहाटे झाडाखाली पांढरट पिवळा सडा पडतो, आणि बायका-मुलं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने टिकतात. ती खाल्ली जातात, बाजारात विकली जातात, अडीअडचणीला धान्याच्या बदल्यात दिली जातात. आणि पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली, मग मडक्यात उकळून वाफ थंड केली, की दारू होते.

आता लग्नाचा हंगाम बघा. होळी झाली, फुलं वेचून झाली, शेतात काम नाही, आखाजी तोंडावर. म्हणजे दारूचा कच्चा माल घरात येतो आणि लगेच लग्नं सुरू होतात. भिल्ल आणि पावरा समाजात दारू लग्नाच्या नुसत्या मजेसाठी नव्हती. बोलणी पक्की झाली की पंचांसमोर ती प्यायची, हा एक प्रकारे करारावरचा अंगठा होता. देवाला आणि पूर्वजांना तिची धार सोडायची. सोयरे आले की त्यांच्या हातात द्यायची. भाऊबंदही आपापल्या घरची घेऊन यायचे. लग्नघराचा भार अनेक घरांत वाटला जायचा, आणि यात रोख पैसा जवळजवळ लागत नव्हता. रोख पैसा लागत नव्हता, एवढं लक्षात ठेवा. पुढे सगळं तिथेच येऊन अडतं.

एक खबरदारी. हे वर्णन वाचून 'पूर्वी सगळं छान होतं' असं वाटायला लागतं. मलाही सुरुवातीला वाटलं. त्या चित्रात कोण गप्प आहे, हे मी पुढे सांगणार आहे.

१८७८ : एकाच वर्षी दोन कायदे

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. हिंदुस्थानचा वन कायदाही १८७८ चाच. मी दोन्ही वेगवेगळ्या वेळी वाचले होते. तारखा शेजारी शेजारी लिहिल्यावर लक्षात आलं की एका कायद्याने झाड जिथे उभं आहे ती जमीन ताब्यात घेतली आणि दुसऱ्याने त्या झाडाच्या फुलांतून जे निघतं ते. (टीप : आपल्या विषयाला लागू होणाऱ्या सगळ्या कायद्यांची एक साधी कालरेषा कागदावर काढा. खात्यांनुसार नाही, वर्षांनुसार. खाती वेगळी असतात, माणूस एकच असतो.)

अबकारी कायद्याने काय केलं? थोडक्यात सांगायचं तर दारू गाळणं हा सरकारी परवान्याचा विषय केला. घरोघरच्या आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, दारू ठराविक भट्टीत तयार करायची, तिथेच कर वसूल करायचा, आणि मक्तेदाराला दुकानं चालवायला द्यायची. दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात हे मक्ते बऱ्याच ठिकाणी पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. सरकारचं सांगायचं कारण नैतिक होतं : कर वाढवला की पिणं कमी होईल. कमीत कमी पिणं आणि जास्तीत जास्त महसूल, हे अबकारी धोरणाचं अधिकृत सूत्रच होतं. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात अबकारी जमीन महसुलाच्या खालोखाल येऊन बसली होती. ज्या खात्यावर सरकारचं पोट चालतं, ते खातं लोकांनी खरंच पिणं सोडावं म्हणून झटेल, ही अपेक्षाच चुकीची.

नुसती भट्टी बंद करून भागेना, म्हणून सरकारची नजर फुलांकडे वळली. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फुलं साठवण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर बंधनं आली. विचार करा, जे फूल भुकेच्या दिवसांत खायला लागतं, ते घरात ठेवणं हा संशय झाला.

डेव्हिड हार्डिमन यांचा दक्षिण गुजरातवरचा निबंध १९८५ मध्ये 'सबाल्टर्न स्टडीज'च्या चौथ्या खंडात आला. प्रथा ही गुन्हा कशी झाली, हाच त्याचा विषय आहे. या विषयावर काम करणाऱ्याने तो वाचायलाच हवा. मात्र त्यातले निष्कर्ष जसेच्या तसे सातपुड्यावर चिकटवू नका. खाली सुरत जिल्ह्यात ताडीची झाडं आणि जमीनदार-मक्तेदार यांचं जे गणित होतं, ते अक्राणीच्या डोंगरात तसंच नव्हतं.

लग्नावर याचा परिणाम काय झाला? माझा मुद्दा असा आहे : दारू घरची होती तोवर लग्नात ती श्रमाची गोष्ट होती. फुलं वेचायची, लाकडं आणायची, रात्रभर चूल जागवायची. दारू दुकानाची झाली तेव्हा ती रोख पैशाची गोष्ट झाली. आणि लग्नाच्या महिन्यात ज्याच्याकडे रोख नाही, तो सावकाराकडे जातो. देजाची रक्कम होतीच, त्यात ही भर पडली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर जमीनदाराकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. खानदेशात सालदारकीची पद्धत आहे, तिचे नियम वेगळे. पण आगाऊ उचल लग्नासाठी घ्यायची आणि सालभर फेडत बसायचं, ही गोष्ट मला मुलाखतींत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. या कर्जाला एकटी दारू कारणीभूत होती असं मी म्हणत नाही. लग्नातल्या कोणकोणत्या गोष्टी 'घरच्या' यादीतून 'विकतच्या' यादीत गेल्या, त्याची नोंद करा, एवढंच म्हणते. दारू त्या यादीत बरीच वर आहे.

कागदात लग्न कुठे दिसतं?

आता अभिलेखागाराकडे. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख कार्यालय आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी मागणीपत्रावर 'नंदुरबार जिल्हा' असं लिहायला निघाले होते. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ संशोधकांनी हळूच विचारलं, "कुठला जिल्हा म्हणालात?"

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी हा भाग धुळे जिल्ह्यात, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ पर्यंत अखंड खानदेशात. शिवाय काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशी मेहवासी संस्थानिकांची गावं वेगळ्या कारभाराखाली. १९३५ च्या कायद्याखाली यातला बराच मुलूख 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' म्हणून पुन्हा वेगळ्या कप्प्यात गेला. म्हणजे एकाच गावासाठी चार-पाच नावांखाली शोध घ्यावा लागतो. तुमच्या जिल्ह्याचंही असंच असेल. पहिल्या दिवशी जिल्ह्याची वंशावळ काढून मगच कार्यालयात जा, आठवडा वाचेल.

कागद हातात आल्यावर दुसरी अडचण. अबकारी खात्याच्या वार्षिक अहवालांत दुकानं किती, दारू किती खपली, महसूल किती, बेकायदा गाळण्याचे खटले किती, हे सगळं मिळतं. लग्न मिळत नाही. लग्न हे कारण म्हणून खात्याला महत्त्वाचं नव्हतं. खात्याच्या लेखी आंबवलेली फुलं सापडली की गुन्हा, मग ती विक्रीसाठी असोत की मुलीच्या मांडवासाठी. आजही भाषा तीच आहे. वर्तमानपत्रातली बातमी बघा : 'हातभट्टीवर छापा, कच्चे रसायन नष्ट, मुद्देमाल जप्त.' भिजवलेल्या फुलांना 'रसायन' म्हटलं की त्यातून झाड गेलं, ऋतू गेला, लग्न गेलं. उरला तो मुद्देमाल.

तर मग करायचं काय? मी दोन गोष्टी केल्या. एक, खटले महिन्यावार कुठे मिळतात ते शोधलं. सगळीकडे मिळत नाहीत, पण जिथे मिळतात तिथे लग्नसराईच्या महिन्यांकडे वेगळं बघायचं. दोन, दारूचे कागद बाजूला ठेवून लग्नाबद्दलचे कागद वाचले : १८८० चं खानदेश गॅझेटिअर, आदिवासी भागांवरचे अहवाल, मिशनऱ्यांची वर्णनं. यातला प्रत्येक लेखक कशासाठी लिहीत होता, हे आधी समजून घ्यावं लागतं. गॅझेटिअरला राज्यकारभार करायचा होता, म्हणून त्याला जमातींचे 'स्वभाव' हवे होते. 'दारूचे शौकीन' हे वर्णन जमातीमागून जमातीला लावलेलं दिसतं. तो पुरावा आदिवासींबद्दलचा कमी आणि लिहिणाऱ्याबद्दलचा जास्त आहे.

ज्यांनी स्वतःच सोडली

इथवर लिहून मी गाइडना प्रकरणाचा पहिला मसुदा दाखवला. मसुद्याचा सूर साधारण असा होता : सरकारने आदिवासींची दारू हिरावली. त्यांनी समासात एकच प्रश्न लिहिला : "मग देवीचं काय?"

१९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात देवीची चळवळ उठली. पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेली ही लाट गावागावातून पुढे सरकत खानदेशाच्या पश्चिम भागापर्यंत आली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दुकानदाराशी व्यवहार ठेवू नका. हार्डिमन यांचं 'द कमिंग ऑफ द देवी' हे १९८७ चं पुस्तक याच चळवळीवर आहे. म्हणजे ज्यांच्याकडून दारू 'हिरावली' असं मी लिहीत होते, त्यांच्यातल्या हजारोंनी ती स्वतः टाकून दिली होती. पण देवीने नुसती दारू सोडायला सांगितली नाही, दुकानदार सोडायला सांगितला. घरची काढायला बंदी, दुकानाची परवडत नाही आणि उधारीत जमीन जाते; अशा वेळी न पिणं हीच सुटका होती. मक्तेदाराच्या गल्ल्यावर याहून मोठा घाव बसू शकत नव्हता.

पुढे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला संत गुलाम महाराजांभोवती मोठी चळवळ उभी राहिली. दारू आणि मांस सोडायचं, स्वच्छ राहायचं, आरतीला जमायचं, आणि लहानथोर सगळ्यांना 'आप' म्हणायचं. ज्या माणसांना आयुष्यभर 'अरे-तुरे' ऐकायची सवय, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणणं ही केवढी गोष्ट आहे! १९३८ मध्ये महाराजांचं निधन झालं, त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. आजही 'आप की जय' म्हणणारी घरं या भागात आहेत, आणि त्यांच्या लग्नात दारू नसते.

आता मघाच्या लग्नाकडे या. मुलीकडचे तळोद्याकडचे, आणि त्यांचं घर माळकरी. मुलाच्या आजोबांना देवाला धार सोडल्याशिवाय लग्न लागलं असं वाटणार नव्हतं. मुलीच्या आईला मांडवात थेंबही नको होता. 'आपली दारू चालेल का' हा प्रश्न मॅनेजरला विचारण्याआधी दोन घरांनी एकमेकांना विचारायचा होता. दोघांच्याही बाजूने शंभर वर्षांचा इतिहास होता.

बंदी, सवलत आणि शहाद्याच्या बायका

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून राज्यभर बंदी आली. काँग्रेसच्या नैतिक कार्यक्रमातला हा महत्त्वाचा भाग होता. १९६० ला राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा दोघांनीही तोच कायदा घरी नेला. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्राने साठच्या दशकात अटी सैल केल्या आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवान्याची देशी दारू रीतसर उभी राहिली. ही 'देशी' मुख्यतः साखर कारखान्याच्या मळीपासूनच्या मद्यार्काची. डोंगरातल्या मोहाशी तिचा संबंध नाही. मोहाची 'हातभट्टी' गुन्हाच राहिली, मळीची 'देशी' झाली. नावं कोण ठेवतं, हे बघत राहा.

नेमक्या याच काळात शहाद्यात काय चाललं होतं? अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजुरांचं आंदोलन उभं राहिलं होतं, १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी, मजुरी, सालदारांचे हाल हे विषय होते. मग बायकांची शिबिरं सुरू झाली आणि बायकांनी वेगळाच विषय काढला : नवरा पितो आणि मारतो. आणि बोलून थांबल्या नाहीत. घोळक्याने गावोगाव गेल्या, गुत्त्यांवरची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. ती मडकी पुष्कळदा हातभट्टीची होती, म्हणजे ज्याला मी मसुद्यात प्रेमाने 'आपली दारू' म्हणत होते तीच.

सुरुवातीच्या चित्रात कोण गप्प आहे, असं मी म्हटलं होतं. ते हे. फुलं बायका वेचतात, चूल बऱ्याचदा त्याच जागवतात, काही जणींचं घर त्या विक्रीवर चालतं, आणि मारही त्याच खातात. चार वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. इतिहास लिहिताना त्यातलं एक निवडून बाकीची तीन झाकायचा मोह होतो. (हा दुसरा मोह. याच्यावर मात्र बंदी हवी.) मी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं ते इथून. आता त्याचा प्रश्न 'दारू चांगली की वाईट' असा नाही, 'सरकारने घेतली की लोकांनी सोडली' असाही नाही. मांडवात दारू येणार की नाही, आली तर कुणाची आणि किती, हे ठरवायचा अधिकार कुणाकडे होता आणि तो कुणाकुणाकडे गेला, असा आहे. मक्तेदार, खातं, देवी, संत, संघटना, आणि आता मंगल कार्यालयाचा मॅनेजर.

एक वरात, तीन कायदे

आजचं चित्र नकाशावर बघा. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत, आणि सोयरिकी राज्याच्या हद्दी बघून होत नाहीत. अक्कलकुव्याहून वरात सागबारा-डेडियापाड्याकडे गेली की गुजरात : तिथे संपूर्ण बंदी. धडगावकडून नर्मदेपलीकडे गेली की मध्य प्रदेश : तिथे अनुसूचित जमातींना घरच्या वापरासाठी ठराविक मर्यादेत मोहाची दारू काढायची मुभा आहे. आणि मध्ये आपला महाराष्ट्र : दुकानाची परवान्याने चालते, घरची चालत नाही. तेच झाड, तेच नातेवाईक, त्याच विधीची तीच धार. नदीच्या एका काठावर ती परंपरा, दुसऱ्या काठावर गुन्हा.

हॉलवाल्याचं म्हणणंही या कायद्यातूनच येतं. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असणं अपेक्षित आहे. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं देशीला २ रुपये आणि विदेशीला ५ रुपये इतका स्वस्त राहिला, त्यामुळे तो फारसा कुणी गांभीर्याने घेत नाही. कार्यक्रमाच्या जागी दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा वेगळा परवाना लागतो आणि माल परवानाधारक दुकानाचाच हवा. तो खर्च आणि हेलपाटे परवडतात ते मोठ्या हॉटेलात लग्न करणाऱ्याला. कमी भाड्याच्या कार्यालयाचा मालक एवढ्या भानगडीत कशाला पडेल? म्हणून तो म्हणतो, बाहेर गाडीत. स्वस्त जागा आणि आपली दारू हे दोन्ही जमत नाही, ते या कारणाने. मॅनेजर आडमुठा नव्हता.

थोडे बदलही झालेत. केंद्राने सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच आदिवासी भागांसाठी वेगळ्या अबकारी धोरणाच्या सूचना दिल्या होत्या : दुकानं कमी करा, घरच्या वापरापुरती परंपरागत दारू काढू द्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार दिला, महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ ला आले. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. म्हणजे आता फूल मोकळं झालं, पण मडकं अजून अडकलेलंच आहे. ग्रामसभेच्या अधिकाराचं मला विशेष वाटतं, कारण कागदावर का होईना, ठरवायची जागा पुन्हा गावात आली. आणि ग्रामसभेत बायका बसतात, निदान कायद्याने तरी.

वहीत काय लिहायचं

शेवटी जे सांगायचंय ते पद्धतीच्या कुठल्या पुस्तकात मला एवढं स्पष्ट सापडलं नाही. माझ्या वहीत काही गावांची, काही घरांची माहिती होती : कोण दारू काढतं, कधी काढतं, कशी काढतं. माझ्यासाठी तो विदा होता. पोलिसांसाठी तो पुरावा होऊ शकतो. जे मी कौतुकाने लिहीत होते, ते वाचून कुणाच्या तरी घरावर छापा पडू शकतो, आणि छापा पडतो तेव्हा पकडली जाते ती बऱ्याचदा एखादी विधवा बाई. १८७८ नंतर अबकारीचे शिपाई जे टिपून घेत होते, तेच मी टिपत होते, फक्त माझं अक्षर बरं होतं!

तेव्हापासून गावांची नावं आणि माणसांची नावं वहीत नाहीत. तालुका लिहिते, पाडा लिहीत नाही. फोटो काढत नाही. मुलाखतीआधी मी काय लिहिणार आणि काय नाही हे सांगते, आणि "हे लिहू नको" असं म्हटलेलं लिहीत नाही, मग ते कितीही चांगलं असो. यामुळे प्रबंधातली काही उत्तम वाक्यं गेली. जाऊ देत. तुमचा विषय दारू नसेलही, पण अतिक्रमण असेल, वाळू असेल, वीजजोडणी असेल, बालविवाह असेल. तुमच्या वहीतलं कुठलं पान कुणाच्या तरी विरोधात वापरता येईल, हे फील्डवर्कला निघण्याआधी एकदा स्वतःला विचारा.

आणि लग्न? शेवटी कार्यालय घेतलं ते तिसरंच, साधं, पंख्यांचं. भाडं परवडलं, जेवणाचा आचारी आपला चालला. कार्यालयात दारू आली नाही. मुलीच्या आईचा शब्द राहिला. लग्नाच्या तीन दिवस आधी गावी घराच्या अंगणात चार बांबूंचा छोटा मांडव घातला. तिथे आजोबांनी देवाला काय वाहिलं, ते मला माहीत आहे. वहीत नाही.